साडेसहा इंचांवर दोनशे पंचेचाळीस

भाऊजींचं गाद्यांचं दुकान आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्या दुकानातून निघालं आणि आमच्या दुकानात येऊन फुटलं. आमचं म्हणजे काकांचं. टायरचं. मी तिथे टायर काढतो, चढवतो, तोलतो, आणि अधूनमधून गिऱ्हाइकाला "पंक्चर नाही, नुसती हवा कमी होती" असं सांगून त्याचा दिवस बरा करतो.

माणूस आपल्या धंद्याच्या खिडकीतून जग बघतो. भाऊजींच्या जगात वस्तू चारच मापांच्या असतात: सिंगल, डबल, क्वीन, किंग. शहाणा माणूस जमेल तितका किंगकडे सरकत राहतो. 'रुंदीला पर्याय नाही' हे त्यांच्या दुकानाच्या पाटीवरच लिहिलंय. मला त्यांनी वाढदिवसाला दिलेला शर्टसुद्धा दोन मापं मोठा होता. "मोकळं बरं असतं," म्हणाले. तो घालून मी आरशात पाहिलं तर त्या शर्टात कोणीतरी भाड्याने राहायला आल्यासारखं दिसत होतं.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. आठवडाभर ताशी वीसच्या वेगाने "क्लच हळू सोडा, अहो हळू, तो खांब सरकारी आहे" असं म्हणत फिरते आणि रविवारी शर्यतीत उतरते.

शर्यत म्हणजे फार काही समजू नका. घाऊक बाजाराचं पार्किंग रविवारी ओस पडलेलं असतं. तिथे क्लबवाले सिमेंटवर नारिंगी शंकू मांडून वेडावाकडा रस्ता आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, फक्त घड्याळ. शंकू पडला की दोन सेकंद दंड. दिवसभरात प्रत्येकाला चार फेऱ्या, त्यातली सगळ्यात जलद ती खरी. एक फेरी मिनिटभरात आटपते आणि उरलेला दिवस माणसं त्या मिनिटाबद्दल बोलतात.

या वर्षी मात्र बोलण्यापलीकडचं काही होतं. खऱ्या शर्यतींत उतरणाऱ्या एका टीमने जाहीर केलं होतं की मोसमाच्या शेवटच्या रविवारी तिशीच्या आतला जो हौशी चालक पहिला येईल, त्याला वर्षभर त्यांच्या गाडीत जागा. खरी गाडी, खरा ट्रॅक, सगळं त्यांचं. ताईला तीस पूर्ण व्हायला एकोणीस दिवस होते. म्हणजे हा रविवार, नाहीतर कधीच नाही. 'कधीच नाही' हे ती हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणायची, 'दूध संपलंय' म्हणावं तसं.

भाऊजी वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर ही गोष्ट एका पानात संपली असती. सहा वर्षं ते प्रत्येक शर्यतीला घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि छत्री घेऊन येत होते. ताई जिंकली की टाळ्या, हरली की चहा. पण तीन आठवड्यांपूर्वी ती दोन दशांश सेकंदाने दुसरी आली आणि भाऊजी कप पुढे करत म्हणाले, "पुढच्या वेळी जरा जोरात चालव."

ताईने सगळ्यांदेखत सांगितलं, "तुला यातलं ओ की ठो कळत नाही. तू खुर्चीत बस."

ते बसले. तीन आठवडे दोघांत फक्त कामापुरतं बोलणं होतं: गॅस संपला, किल्ली कुठाय, असलं. आणि त्या तीन आठवड्यांत भाऊजी गुपचूप मोबाइलवर काहीतरी वाचत होते. तेव्हाच कोणीतरी त्यांचा मोबाइल लपवायला हवा होता.

शेवटच्या रविवारच्या आधीच्या सोमवारी गाद्या पोचवायचा टेम्पो आमच्या दारात उभा राहिला.

"मेहुणे, या बाहेर! ताईलाही बोलवा."

ताई तेव्हा काकांशी बोलत आतच होती. टेम्पोचं मागचं फळकूट खाली आलं. आत चार कोरे टायर, गादीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. प्रत्येकाला लाल फीत आणि फितीचं फूल.

"दोनशे पंचेचाळीस!" भाऊजी म्हणाले. "तुझे कितीचे आहेत? दोनशे पाच ना? दर चाकाला चाळीस मिलिमीटर जास्त. चार चाकांचे झाले एकशे साठ. म्हणजे पाचवं चाक बसवल्यातच जमा!"

ताईने फितीला हात लावला. तिचा चेहरा मी नीट पाहिला. दाताच्या डॉक्टरने 'दुखणार नाही' म्हटल्यावर होतो तसा होता.

"तू वाचलंस हे सगळं?" तिने विचारलं.

"रोज. दुकान बंद केल्यावर. रुंद टायर म्हणजे जमिनीवर जास्त रबर, जास्त रबर म्हणजे जास्त पकड. मला काही कळत नाही असं नाहीये."

शेवटचं वाक्य ते टायरकडे बघून बोलले.

"छान आहेत," ताई म्हणाली.

आता यात गोम काय आहे ते सांगतो. भाऊजींनी वाचलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. टायर रुंद असला तर रिमही तेवढी रुंद लागते. आमच्या क्लबचा नियम असा की टायर वाट्टेल तो लावा, रिम मात्र गाडीसोबत कंपनीतून आलेलीच हवी. ताईच्या गाडीची रिम साडेसहा इंच रुंद.

काका चाळीस वर्षं टायर बसवतायत आणि त्यातली पस्तीस वर्षं कमी बोलतायत. त्यांचा हिशोब सोपा आहे. टायरच्या मिलिमीटरला पंचवीसने भागा, इंच येतात. टायर रिमपेक्षा दीड इंच रुंद असला तर ठीक. दोनशे पाच म्हणजे आठ इंच, रिम साडेसहा, फरक दीड. दोनशे पंचेचाळीस म्हणजे पावणेदहाच्या आसपास, फरक तीनच्या वर.

"दीड इंच म्हणजे संसार," काका म्हणतात. "तीन इंच म्हणजे तमाशा."

तमाशा असा होतो की टायरच्या दोन्ही कडा अरुंद रिममध्ये चिमटल्या जातात, मधला भाग फुगतो आणि बाजू लेच्यापेच्या पडतात. सरळ जाताना काही कळत नाही. पण शंकूंच्या रस्त्यात सरळ असतंच कुठे! ताईने स्टिअरिंग वळवलं की रिम लगेच वळते. टायर म्हणतो, 'तुम्ही व्हा पुढे, मी चपला घालून आलोच.'

मी भाऊजींना त्यांच्या भाषेत समजावायचा प्रयत्न केला.

"भाऊजी, सिंगल पलंगावर किंग साइजची गादी टाकली तर काय होईल?"

"विकली आहे मी तशी. तीनदा."

"मग? कडेला लोंबत नाही?"

"लोंबते. पण झोपायला काय झकास!"

"माणूस कडेला सरकला तर?"

"पडतो. पण कडेला सरकावंच कशाला?"

शंकूंची शर्यत म्हणजे मिनिटभर कडेवरच झोपणं असतं. पण हे सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात ताईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी घरी पाहुणे असताना बघायची तसं. मी तोंड मिटलं.

आमच्याकडे त्याच गाडीच्या रिमांचा जादा संच होता. दोनशे पंचेचाळीस त्याच्यावर चढवले. चढले. चढतच नाहीत असं असतं तर बरं झालं असतं. चढतात, हीच पंचाईत आहे. मशीन तक्रार करत नाही. काका मात्र हवेची नळी मला देऊन आत गेले. "असल्या चाकाला मी हवा भरत नाही," एवढंच म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी पार्किंगच्या रिकाम्या कोपऱ्यात सराव केला. माझ्या मनात एक बेत होता. टायर वळणावर किती आडवा पडतो ते बघायला त्याच्या खांद्यावर, म्हणजे कडेच्या गोलाईवर, खडूने रेघा मारतात. फेरी झाली की जिथपर्यंत रेघ पुसली, तिथपर्यंत टायर जमिनीला लागला. जमिनीवर चालायचा पट्टा संपून बाजूच्या भिंतीवरची रेघ पुसली गेली असेल तर समजायचं की टायर तळव्यावर उभा नसून घोट्यावर चालतोय. बेत असा की भाऊजींना काही समजावायचं नाही, नुसत्या रेघा दाखवायच्या. डोळ्यांनी बघतील. डोळ्यांना गादी विकता येत नाही.

ताईने तीन फेऱ्या मारल्या. दोनशे पाचवर तिला अठ्ठावन्न सेकंद लागायचे, आज साठच्या खाली एकदाही आली नाही. मी घड्याळ खिशात घालून चाकाकडे वळलो तर भाऊजी तिथे उकिडवे बसलेले, हातात ओला रुमाल.

"कोणीतरी कोऱ्या टायरवर रेघोट्या मारल्यात रे," ते म्हणाले. "पोरं तरी कसली असतात एकेक."

चारही टायर लख्ख पुसलेले.

ताई गाडीतून उतरली. चाकांकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. "थँक्यू," म्हणाली. भाऊजी इतके खूष झाले की त्यांनी आरसेही पुसले.

गुरुवारी ती एकटीच दुकानात आली आणि बाकावर बसली. त्या बाकावर गिऱ्हाईक बसतं, घरचं माणूस बसत नाही.

"ह्याच टायरवर चालवीन," ती म्हणाली.

"हरशील."

"त्याने सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाचलंय."

"अगं, मग त्यांना शाबासकी दे. बक्षीस म्हणून स्वतःची तिशी कशाला देतेस?"

काका आतून म्हणाले, "सांगून टाका त्याला. दोन दिवस तोंड पाडेल. तिसऱ्या दिवशी जेवेल."

"तुम्ही त्याला ओळखत नाही काका," ताई म्हणाली. "तो तोंड पाडत नाही. तो खुर्चीत बसतो."

आणि मग मला ती कल्पना सुचली. माझ्या डोक्यात कल्पना येतात त्या सगळ्या हसत हसत येतात, त्यामुळे दारात त्यांना कोणी अडवत नाही.

"भाऊजी टायर बघत नाहीत," मी म्हणालो. "आकडा बघतात."

टायरच्या बाजूला माप रबरातच उठवलेलं असतं. दोनशे पाच आणि दोनशे पंचेचाळीस यांत फरक एका आकड्याचा. मधलं शून्य घासून काढायचं आणि तिथे पांढऱ्या रंगाने चार काढायचे. चार टायर, चार शून्यं. पुढचे बारीक आकडे भाऊजी वाचणार नाहीत. गादीच्या लेबलवरही ते रुंदीच्या पुढे जात नाहीत. बाकीचे आकडेही पांढऱ्याने रंगवले की सगळं एकसारखं दिसेल, शर्यतीचं वाटेल.

ताईने हवेच्या मीटरची काच अंगठ्याने पुसली.

"मी आज इथे आलेच नव्हते," ती म्हणाली आणि उठून गेली.

काका चहाचा कप घेऊन माझ्यामागे उभे राहिले. मी घासत होतो, ते बघत होते.

"खरं सांगायला किती वेळ लागला असता?"

"एक मिनिट."

"आणि हे?"

"चार तास. पण अक्षर बघा कसं आलंय."

अक्षर खरंच सुंदर आलं होतं. आयुष्यात मी इतक्या मन लावून केलेलं दुसरं काम नाही. शाळेत असं अक्षर काढलं असतं तर आज मी टायरच्या दुकानात नसतो, पाट्यांच्या दुकानात असतो.

रविवारी भाऊजी चाकांभोवती दोनदा फिरले. "बघ, कसे भरलेत!" म्हणाले. चार सेंटीमीटर रबर गायब होतं आणि त्यांना ते दिसत होतं. याला श्रद्धा म्हणतात की गादीवाल्याची नजर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ताईचा खरा मुकाबला डेंटिस्टशी होता. दातांचा डॉक्टर, वय सव्वीस, ताईसारखीच गाडी, तोच रंगसुद्धा. माणूस इतका सभ्य की शंकू पाडला तर उतरून स्वतः उभा करायचा. त्याची उत्तम वेळ अठ्ठावन्न पूर्णांक एक आली.

ताई तिसऱ्या फेरीला सुटली. ती कशी चालवते ते शब्दांत सांगता येत नाही. एवढंच सांगतो की त्या मिनिटात मी एकही विनोद केला नाही. चाकं जिथे सांगितलं तिथे, सांगितलं तेव्हा. सर्पाकार मांडलेल्या सात शंकूंमधून गाडी अशी गेली की शेवटचा शंकू नुसता थरथरला आणि विचार बदलून उभा राहिला. सत्तावन्न पूर्णांक सात.

भाऊजी खुर्चीवरून उठले. खुर्ची मागे पडली. "टायर मी दिलेत!" ते पहिल्याला म्हणाले, मग दुसऱ्याला, मग चहावाल्याला. मग चालत चालत थेट मायक्रोमीटरपर्यंत गेले.

मायक्रोमीटर हे टोपणनाव; ते क्लबचे तपासनीस. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता रविवारी आमच्या गाड्या तपासतात. सकाळी ब्रेक, पट्टा, बॅटरी वगैरे बघून त्यांनी ताईची गाडी सोडलीच होती. टायरला त्यांचा काही आक्षेप असायचं कारणच नव्हतं. आमच्या गटात टायरला बंधन नाही. ते आपले सावलीत बसून सफरचंद कापत होते.

"लिहून घ्या," भाऊजी म्हणाले, "दोनशे पंचेचाळीस."

"कोणत्या रिमवर?"

"साडेसहा."

मायक्रोमीटरचा चाकू थांबला. "अशक्य आहे."

"अहो, समोर जिंकली ना!"

"तेच म्हणतोय. ती वेळ त्या टायरवर अशक्य आहे." ते उठले. आवाजात राग नव्हता, उत्सुकता होती, आणि उत्सुक गणिताचा मास्तर थांबवता येत नाही. "चला, मला बघायचंय. मी चाळीस वर्षं चुकत असेन तर आजच कळू दे."

मी तिथे पोचेपर्यंत त्यांनी पट्टी लावलेली होती. मग चष्मा लावला. मग आकड्यावरून बोट फिरवलं. दोन उंच, पाच उंच, आणि मधलं चार गुळगुळीत.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हणालो.

"हा तर दोनशे पाच आहे."

"हो."

"दोनशे पाच चालतो. या रिमला उत्तम चालतो. मी स्वतः सांगितलं असतं, हाच लावा." ते खरोखर गोंधळले होते. "लोक नियम मोडायला आकडा बदलतात. तू नियमात असताना का बदललास?"

"घरगुती कारण आहे."

टायरवरची कंपनीची खूण खोडली तर तो टायर बाद, हा नियम आहे. खोडलेल्या टायरचं वय आणि ताकद कशी कळणार? मायक्रोमीटरनी तक्ता काढून लिहिलं. 'कारण' नावाच्या रकान्यात थोडं थांबून 'कौटुंबिक' असं लिहिलं. क्लबच्या इतिहासात हे पहिल्यांदाच.

"या टायरवरच्या तिन्ही फेऱ्या बाद," ते म्हणाले. "चौथी शिल्लक आहे. दुसरे टायर लावा. तासभर थांबतो."

भाऊजी टायरजवळ वाकले. अंगठ्याने चार घासले. रंग पक्का होता, मी दोन हात दिले होते.

"माझे कुठायत?" त्यांनी विचारलं.

"दुकानात. वरच्या फळीवर."

"बरे आहेत ना?"

मी मान हलवली.

मग त्यांनी ताईकडे न बघता विचारलं, "तिला माहीत होतं?"

ताई हेल्मेट हातात घेऊन उभी होती.

"नाही," मी म्हणालो. हे माझं त्या आठवड्यातलं दुसरं खोटं. पहिलं निदान सुवाच्य होतं.

भाऊजींचा चेहरा बदलला. माझ्याकडे पाहिलं ते परक्या माणसाकडे बघावं तसं, पण ताईकडे वळले तेव्हा त्यात जुनं सगळं परत आलेलं होतं. "म्हणजे तुला वाटत होतं की माझ्याच... थांब. तासभर आहे ना? काळजी करू नकोस. आलोच मी." आणि पोट सांभाळत टेम्पोकडे धावले. लग्नानंतर त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

टेम्पो फाटकाबाहेर पडला न पडला तोच डेंटिस्ट समोर आला.

"ताई, माझ्याकडे जादा चार चाकं आहेत. दोनशे पाच, साडेसहाच्याच रिमवर. बसतील."

"तू हरशील," ताई म्हणाली.

"हरेन तर तुमच्याकडून हरेन. असं कागदावर जिंकायला मला आवडणार नाही."

असली माणसं असतात. मला त्याचा राग आला, कारण आमच्या घरातल्या कोणालाही इतकं सरळ बोलता येत नाही.

ताईने मान डोलावली. मी जॅक लावला. डेंटिस्ट स्वतः चाकं गडगडवत घेऊन आला. एका चाकाला चार नट, चार चाकांचे सोळा. पस्तीस मिनिटांत चारही बसली. ताईने बाहेरूनच स्टिअरिंग हलवून पाहिलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली. मी शेवटचा नट आवळत होतो तेव्हा टेम्पोचा हॉर्न ऐकू आला.

भाऊजी उतरले. शर्ट पाठीला चिकटलेला. मागचं फळकूट पाडून त्यांनी एकेक चाक छातीशी धरून खाली घेतलं; गडगडवलं नाही, घाण होईल म्हणून. चारही पुन्हा गादीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली होती. दुकानातून काढून, गुंडाळून आणायला त्यांना वेळ कसा पुरला देव जाणे. एकाला लाल फीतसुद्धा पुन्हा बांधली होती.

मग त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"ही कोणाची?"

"माझी," डेंटिस्ट म्हणाला.

"अच्छा," भाऊजी म्हणाले. "बरं झालं. म्हणजे बरंच झालं." आणि त्यांनी पडलेली खुर्ची उचलली, उघडली आणि बसले. चाकं शेजारी. पाच जण ओळीने बसल्यासारखे दिसत होते.

मायक्रोमीटर घड्याळ बघत म्हणाले, "वीस मिनिटं."

ताई खुर्चीकडे बघत होती. मी तिच्याकडे. मी मनातल्या मनात तिला सांगत होतो: बस गाडीत. एक मिनिट लागेल. तो तिसऱ्या दिवशी जेवेल. काकांनी सांगितलंय. पण मनातल्या मनात सांगितलेलं कोणाला ऐकू जात नाही, आणि तोंड उघडून खरं बोलायची मला सवय नव्हती. तोंड मी विनोदासाठी ठेवलेलं आहे.

"काढ," ताई मला म्हणाली.

"काय?"

"ही काढ. त्याची लाव."

"ताई, नका," डेंटिस्ट म्हणाला. तो, ज्याला यातून सगळं मिळणार होतं, तो म्हणाला. मी, सख्खा भाऊ, पाना उचलला.

सोळा नट काढले. सोळा लावले. डेंटिस्टने प्लास्टिक सोडवायला मदत केली. भाऊजींनी फीत काढून घडी करून खिशात ठेवली. शेवटच्या चाकाशी मी खिशातला खडू काढला आणि खांद्यावर एक रेघ मारली. कशासाठी, मला माहीत नाही.

फेरीचं काय सांगू! पहिल्या वळणावर गाडी वळली, मग टायर वळले, मग गाडी पुन्हा वळली. सर्पाकार शंकूंत ती प्रत्येक वेळी अर्धा क्षण आधी स्टिअरिंग फिरवत होती, कारण मागून येणाऱ्याला वेळ द्यायला लागतो. टायर ओरडत होते. भाऊजी मला म्हणाले, माझ्याशी न बोलायचं ठरवलेलं विसरून, "ऐकलंस? पकड!"

एकोणसाठ पूर्णांक दोन. एकही शंकू पडला नाही. त्या टायरवर ती वेळ काढणारा दुसरा माणूस मला दाखवा. मायक्रोमीटरनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांना एकट्यालाच कळलं होतं की काय झालंय. पण घड्याळ टाळ्या मोजत नाही. ताई तिसरी आली. जागा डेंटिस्टला मिळाली.

मी चाकाजवळ गेलो. खडूची रेघ खांद्यापर्यंत पुसलेली होती, खांद्याखालीही, आणि दोनशे पंचेचाळीस या आकड्याच्या वरच्या कडेपर्यंत.

भाऊजी थर्मासमधून चहा ओतत होते. "टायर कोरे होते ना," ते म्हणाले. "रुळले असते तर आज बघायला नको होतं."

"हो," ताई म्हणाली. कप घेतला.

"आणि तिसरी काही वाईट नाही. मला आता कळतं यातलं. एक ते दीड सेकंदाचा खेळ असतो."

"हो."

"पुढच्या वर्षी रुंद रिमा घेऊ. मी वाचलंय, रिम पण रुंद लागते म्हणे."

"नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"तुझ्याशी बोलत नाहीये मी," भाऊजी म्हणाले. "तिला फसवलंस तू."

ताईने चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. पाहुणे असताना बघायची तसं. मी तोंड मिटलं.

तिला तीस पूर्ण झाली. ड्रायव्हिंग स्कूल चालू आहे, क्लच हळू सोडणं चालू आहे. घरात बोलणं पूर्ववत झालं, उलट वाढलंच. जेवताना आता भाऊजी तिला वळणावर ब्रेक कधी मारावा ते सांगतात आणि ती 'हो' म्हणते. शर्यतीला ती त्यानंतर गेलेली नाही. खुर्ची, थर्मास आणि छत्री गाद्यांच्या दुकानात, काउंटरमागे आहेत.

ते चार टायर मात्र गाडीला तसेच आहेत. दर दोन आठवड्यांनी दोघं हवा भरायला येतात. भाऊजी उतरत नाहीत, काच खाली करून दुसरीकडे बघतात. घरापासून आमचंच दुकान जवळ आहे, म्हणून येतात म्हणे. काका गाडी ओळखतात आणि उठून आत जातात. असल्या चाकाला ते हवा भरत नाहीत.

मी भरतो. चार पौंड जास्त. बाजू तेवढ्यापुरत्या ताठ राहतात.

"झालं?" ताई विचारते.

"झालं," मी सांगतो. मग ताशी वीसच्या वेगाने ती निघून जाते, आणि त्या वेगाला, खरं सांगायचं तर, टायर अगदी झकास बसतात.